इशारा मराठीत नव्हता

सोपानिका कंपनीत भाग्यलक्ष्मीला अक्का न म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो तिचा वरिष्ठ होता. बाकी सगळे, म्हणजे स्वागतकक्षातली मुलगी, कॅन्टीनवाला, ड्रायव्हर आणि परदेशात शिकून अर्ध्या चड्डीत ऑफिसला येणारी मंडळी, तिला भाग्याक्काच म्हणत. बंगळुरात यात विशेष काही नाही. इथे भाजीवाली अक्का, पोलीसबाई अक्का, आणि जिच्याशी आत्ताच भांडण झालं तीही अक्काच. पण शब्द वापरून कितीही गुळगुळीत झाला तरी त्यातली मोठी बहीण जात नाही. आणि भाग्यलक्ष्मीचा पेशा असा होता की तिथे मोठी बहीण होणं परवडत नाही.

पेशा मानसशास्त्राचा, त्यातही एकेकट्या माणसाचं नव्हे, संस्थेचं मानसशास्त्र. माणसं कामाखाली कशी वाकतात, कधी मोडतात, आणि मोडण्याआधी काय केलं तर तेवढ्याच पगारात पुन्हा सरळ उभी राहतात, हे बघायचं. यातला शेवटचा भाग पुस्तकांत नसतो, नेमणूकपत्रात असतो.

कंपनी एचएसआर लेआउट या बंगळुरातल्या नव्या कंपन्यांच्या वस्तीतली. सोपान म्हणजे जिना, आणि कंपनी लिफ्टवर नजर ठेवायची. नाव ठेवणाऱ्याला संस्कृत येत होतं की नाही हे कुणी विचारलं नाही. शहरातल्या शेकडो इमारतींच्या लिफ्टमध्ये सोपानिकाचे सेन्सर आणि कॅमेरे होते. लिफ्ट नीट चालली तर यंत्र गप्प. लिफ्ट उघडच बिघडली तर यंत्रच तिला थांबवी. पण मधली एक जागा असते: काहीतरी बिनसलंय, पण काय ते यंत्राला ठरवता येत नाही. अशा वेळी लिफ्टमधल्या कॅमेऱ्यावर लाल ठिपका लागे, एचएसआरच्या अलार्म डेस्कवर स्क्रीनभर लाल पट्टी येई, आणि तिथे बसलेल्या माणसाने ठरवायचं, जवळच्या मजल्यावर लिफ्ट थांबवायची की चालू द्यायची. विचार करायला मिळे तो एका श्वासाएवढा वेळ. ही माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टमध्ये जगत. म्हणूनच कंपनीने मानसशास्त्रज्ञ नेमली होती.

तिला एक खोली दिली होती. सोफा, टिश्यूचा डबा, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचं एक झाड, ज्याला सफाईवाली आठवड्यातून एकदा पाणी घाली. आलेल्या प्रत्येकाला बोलणं सुरू व्हायच्या आधी ती एक इशारा वाचून दाखवायची. तिने स्वतः तयार केलेला, शब्द न् शब्द तोललेला. "तुम्ही इथे जे सांगाल ते मी नावानिशी कुणाला सांगणार नाही. पण मी कंपनीच्या पगारावर आहे हे ध्यानात ठेवा. आणि कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मला बोलावं लागेल." हा इशारा ऐकून काही जण उठून जात. तिला त्याचा अभिमान होता. उठून गेलेला माणूस फसलेला नसतो, असं ती म्हणे.

इशारा इंग्रजीत होता, कन्नडमध्ये होता, हिंदीत होता. मराठीत नव्हता.

*

भाग्यलक्ष्मीचे पूर्वज चारेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर या मुलखात आले आणि परत जायचं विसरले. पिढ्यान् पिढ्या घरात मराठी राहिली, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. त्यामुळे तिचं मराठी हे फक्त घरातलं मराठी होतं. त्या भाषेत ती रुसली होती, भांडली होती, आईला शेवटचं पाणी पाजलं होतं. पण नोकरी कधी केली नव्हती. 'मी कंपनीची आहे' हे वाक्य त्या भाषेत तिच्या तोंडात बसेना. घरात आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या पुढे करताना कुणी सांगतं का, की बाबा रे, तू बोलशील ते मी बाहेर सांगू शकते म्हणून? आता करू, मग करू म्हणत तिने इशाऱ्याचं मराठी केलंच नाही. तशी मराठी माणसं कंपनीत होती तरी किती.

शुभंकर आला त्या दिवशी ती फोनवर वडिलांशी बोलत होती. "अण्णा, गोळी घेतलात म्हणून एवढंच सांगा. सरी. दूध स्वल्पच राहिलंय, ते मांजराला घालू नका."

दारात एक उंच, खांद्यात जरा वाकलेला तरुण उभा होता. पुढचं प्रत्येक दार बुटकंच असणार अशी खात्री असल्यासारखा. नागपूरचा. अलार्म डेस्कवर काम करायचा.

"मॅडम, तुम्ही मराठी?"

"आहे की. आमचं जुनं आहे जरा. गंज लागलेलं."

"गंज काऊन? मस्त आहे. इथं आल्यापासून मराठी ऐकूनच नाही राहिलो मी."

"एचआरमधले देवव्रत आहेत ना. पुण्याचे."

"त्यांचं ऐकलं का शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटते," शुभंकर म्हणाला. ती हसली. इतक्या दिवसांत त्या खोलीत ती पहिल्यांदाच हसली असेल. तशी ती खोली हसण्यासाठी नव्हतीच.

टेबलावर इशाऱ्याचं कार्ड होतं. वरची बाजू इंग्रजी. ती वाचायला हात पुढे गेला होता. पण आत्ताच आपल्या भाषेत हसलेल्या माणसाला लगेच इंग्रजीत सावध करायचं, हे तिला माणुसकीला सोडून वाटलं.

"बस," ती म्हणाली. "कॉफी घेणार?"

पुढे त्या खोलीत जे झालं ते सगळं या कॉफीपासून सुरू झालं.

*

पहिल्या दोन वेळा तो इकडचं तिकडचं बोलला. बायको सिद्धीला इथलं सांबार गोड लागतं, तिचे आईवडील आता नागपूर सोडून इथेच राहायला आलेत, सासरे दिवसभर बाल्कनीत बसून रिक्षा मोजतात. तिसऱ्या वेळी त्याने कॉफीला हात लावला नाही.

"हात जात नाही, अक्का."

"कुठे?"

"बटनावर." त्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा. "लाल पट्टी आली. कॅमेऱ्यात दिसून राहिलं होतं, एक बाई होती, कडेवर पोरगं. थांबवायला पाहिजे हे मला समजून राहिलं होतं. पण हात हलत नव्हता. माऊसवर होता, माझाच होता, पण ऐकत नव्हता."

"मग?"

"मग पट्टी आपोआप गेली. सेन्सरचा लोच्या असेल. बाई खाली उतरली. पोरानं जाता जाता कॅमेऱ्याला टाटा केलं."

"असं एकदाच झालं?"

तो प्लॅस्टिकच्या झाडाकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला. आणि मग, "अक्का, हे इथंच राहील ना?"

इशारा वाचायची वेळ तेव्हाही गेली नव्हती. उशीर झाला होता, पण वेळ गेली नव्हती. शिकताना तिला हेच शिकवलं होतं: माणूस काठावर आला की आधी त्याला काठ दाखवा. तिला ते नेमकं आठवलं. आठवलं तेव्हा ती समोरच्याचा उताणा हात बघत होती.

"राहील," ती म्हणाली.

मग तिने त्याला डॉक्टर रावांचा नंबर दिला. जयनगरला दवाखाना, तिच्या कॉलेजच्या दिवसांपासूनची ओळख, उपचार चांगला. "जातो की," शुभंकर म्हणाला. पुढच्या खेपेला आला तो मोकळा दिसत होता. जाऊन आलो, म्हणाला. रुटीन आहे म्हणाले, झोप वाढवा म्हणाले.

खरं तर एक फोन करून रावांना विचारता आलं असतं. पण दुसऱ्याच्या रुग्णाबद्दल विचारणं नियमात बसत नव्हतं. नियम पाळायला तिने नेमकी हीच वेळ निवडली.

*

देवव्रत हा कंपनीच्या मनुष्यबळाचा प्रमुख, म्हणजे भाग्यलक्ष्मीचा वरिष्ठ. पुण्याचा, हळू आवाजाचा, नेहमी इस्त्रीतल्या सदऱ्यातला. नीतीच्या बाबतीत फार काटेकोर. कर्मचाऱ्यांबद्दल तो भाग्यलक्ष्मीला कधी नाव विचारत नसे. "मला नाव नको," असं तो इतक्या वेळा म्हणे, की नाव तेवढं त्याला हवंय असं ऐकणाऱ्याला वाटू लागे.

"मॅडम, गुरुवारी आमच्यात जरा बसाल का?" तो एक दिवस म्हणाला. "अलार्म डेस्कची फेररचना करतोय. तुम्ही काही बोलायचं नाही, निर्णय सर्वस्वी आमचा. फक्त कुणाबद्दल काही गंभीर असेल तर आम्हाला कळावं, इतकंच. तपशील नकोत. तपशील मागणं अनैतिक होईल."

"आणि काही नसेल तर?"

"तर 'काही नाही' म्हणायचं. सोपं आहे हो."

फेररचना म्हणजे माणसं कमी करणं, हे एचएसआर लेआउटमध्ये शाळकरी मुलालाही कळतं. कुणाच्या तरी नावावर काट बसणार, आणि तिच्या तोंडून निघालेला एखादा शब्द त्या काटेला शाई पुरवणार. म्हणजे शुभंकरची नोकरी आता तिच्या जिभेवर होती.

संध्याकाळी मल्लेश्वरमला घरी पोचल्यावर तिने हे अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कानावर घातलं. हंबीरराव ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर एका मोठ्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होते, त्यामुळे कल्याण या शब्दाबद्दल त्यांचे भ्रम उरले नव्हते. त्यांचं बैठं घर पाडून तिथे इमारत उभी राहिली, आणि बदल्यात मिळालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बापलेक राहत. लिफ्टमध्ये सोपानिकाचा स्टिकर होता: 'निश्चिंत राहा. आम्ही बघत आहोत.' हंबीरराव तो रोज वाचत, आणि कोण बघतंय म्हणून रोज विचारत.

"बसू नको तिथं, पुट्टी," ते म्हणाले. पन्नाशीला टेकलेल्या मुलीला अजून ते पुट्टीच, म्हणजे छकुलीच, म्हणत.

"का?"

"बसलं की विचारतात."

"मी काही सांगणार नाही, अण्णा."

"युनियनवाले मला मॅनेजमेंटचा माणूस म्हणून म्हणत होते. मॅनेजमेंट युनियनचा म्हणून म्हणत होती. दोघांचंही बरोबरच होतं. तू कुणाची?"

"दोघांची."

"तसं नसतं," हंबीरराव म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तरी ती बसली. आपण असलो तर निदान कुणाचं वाईट होणार नाही, असं तिला वाटलं. जगातल्या बऱ्याच वाईट गोष्टी अशाच भल्या माणसांच्या उपस्थितीत ठरलेल्या आहेत.

*

बैठकीत तिघंच होते: ती, देवव्रत आणि अलार्म डेस्कचा प्रमुख शेषगिरी. शेषगिरी मैसूरकडचा, कमी बोलणारा, समोर लॅपटॉप उघडलेला. देवव्रत एकेक नाव घेई, शेषगिरी त्या माणसाच्या कामाचे आकडे सांगे, आणि मग देवव्रत भाग्यलक्ष्मीकडे वळून विचारी, "तुमच्याकडून काही?"

पहिलं नाव नंदकिशोर. तो तिच्या खोलीत कधी आलाच नव्हता. "काही नाही," ती म्हणाली, आणि तिला हलकं वाटलं. खरं बोलल्यावर वाटतं तसं.

दुसरं राजस. तो येऊन गेला होता, पण घरात बरोबर राहणारा मित्र भांडी घासत नाही, एवढंच त्याचं दुःख होतं. "काही नाही."

तिसरं नाव घ्यायला देवव्रतने तोंड उघडलं. तेवढ्यात भाग्यलक्ष्मीला दिसलं, आपण काय करून बसलोय. पहिल्याच नावाला ती म्हणाली असती, मी कुणाहीबद्दल काहीच बोलणार नाही, तर तिची चुप्पी सगळ्यांवर सारखी पसरली असती. पण तिने दोनदा 'काही नाही' म्हटलं होतं. आता एखाद्या नावावर ती गप्प बसली, तर ते गप्प बसणंच उत्तर होणार. 'मी बोलू शकत नाही' हे नीतीला धरून असलेलं वाक्य होतं, आणि आता त्या वाक्याइतकी स्पष्ट चुगली दुसरी नव्हती. नाव नको म्हणणाऱ्या माणसाने अशी बैठक मांडली होती की नाव आपोआप त्याच्याकडे चालत यावं.

"रणजीत," देवव्रत म्हणाला. "तुमच्याकडून?"

"काही नाही."

इंग्रजी वर्णक्रमाने चाललं होतं. यापुढे एकच नाव उरलं होतं.

"शुभंकर."

शेषगिरीने आकडे सांगितले. ते तिने ऐकले नाहीत. तिच्या डोळ्यांसमोर एक पोरगं कॅमेऱ्याला टाटा करत होतं. एका बाजूला ते पोरगं, दुसऱ्या बाजूला मांडीवर उताणा ठेवलेला हात, आणि मध्ये मराठीत न वाचलेली तीन वाक्यं. इशारा दिला असता तर आता बोलण्याचा तिला हक्क होता. दिला नव्हता. त्याने जे सांगितलं ते पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या बाईला सांगितलं होतं.

"तुमच्याकडून काही, मॅडम?"

"काही नाही," ती म्हणाली. आवाज आधीच्या तीन वेळांसारखाच निघाला. तेवढं कसब पेशाने दिलं होतं.

"ग्रेट," देवव्रतने समोरची यादी मिटली. "मग ठरलं. तिघांना निरोप, आणि यापुढे एका वेळी डेस्कवर एकच माणूस. दिवसपाळी पूर्ण शुभंकरकडे. बाकीच्या पाळ्या हैदराबादहून बघतील."

भाग्यलक्ष्मीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "शुभंकरच का?"

शेषगिरीने तिच्याकडे पाहिलं. आकडे तर आत्ताच सांगितले, अशा नजरेने. "याचे वायफळ थांबे सगळ्यात कमी आहेत, अक्का. बाकीचे जरा लाल दिसलं की लिफ्ट थांबवतात. मग रहिवासी तक्रार करतात, सोसायट्या करार मोडतात. हा घाबरत नाही. लाल पट्टी आली तरी हात शांत."

"डेटा तसं सांगतो," देवव्रत मराठीत म्हणाला. "आणि तुमचंही काही नाही. म्हणजे मानसिकदृष्ट्याही क्लिअर. इतक्या स्वच्छ मनाने निर्णय क्वचित घेता येतो हो."

*

दुसऱ्या दिवशी शुभंकर संत्रा बर्फी घेऊन आला. डबा उघडताना त्याचा हात अगदी नीट चालत होता, हे तिने पाहिलं.

"अक्का, तुम्ही होत्या म्हणून झालं. शेषगिरी सर म्हणाले, तुमचाही होकार होता."

"शुभंकर, जयनगरला पुन्हा कधी जायचंय?"

"जायचं काय आता. एकदम बरं वाटून राहिलं."

"डॉक्टर राव काय म्हणाले, नीट सांग एकदा."

"चांगले आहेत खूप. शांत. दिसायला अगदी माझ्या मामांसारखे, तशाच मिशा. म्हणाले, तरुणपणी होते असं."

भाग्यलक्ष्मीने हातातला बर्फीचा तुकडा परत डब्यात ठेवला. डॉक्टर राव म्हणजे वीणा राव. कॉलेजात दोघी एकाच बाकावर बसत. त्यांना मिशा असल्याचं तिच्या कधी पाहण्यात आलं नव्हतं.

तिने टेबलावरून इशाऱ्याचं कार्ड उचललं. समोर धरलं, आणि पहिल्यांदा मराठीतून वाचलं, सुरुवातीला अडखळत, शब्द शोधत. तू इथे जे सांगशील ते मी नावानिशी कुणाला सांगणार नाही. पण मी कंपनीच्या पगारावर आहे. कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मला बोलावं लागेल. पण तिला वाटत होतं तसं 'मी कंपनीच्या पगारावर आहे' हे वाक्य तोंडात अडलं नाही. सहज निघालं. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

शुभंकर ऐकून घेत होता. हसू अजून तोंडावर होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

"हे आता काऊन वाचून राहिल्या?"

"तेव्हा वाचायला हवं होतं. चूक माझी आहे. तू डॉक्टरांकडे गेला नाहीस. मला वर सांगावं लागेल. तू स्वतः सांगितलंस तर जास्त बरं, मी तुझ्याबरोबर येते. रजा घे, उपचार कर, नोकरीसाठी मी भांडेन."

"तेव्हा वाचलं असतं तर मी बोललोच नसतो."

"माहीत आहे."

"तुम्ही म्हणाल्या होत्या, इथंच राहील."

"म्हणाले होते."

तो उठला. दार मोठं होतं तरी वाकून बाहेर गेला. बर्फीचा डबा तिथेच राहिला. त्यानंतर त्याने तिला अक्का म्हटलं नाही. आता कंपनीत असे दोघं झाले.

*

देवव्रतने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्येच त्याने दार बंद केलं, तेही फार हळू.

"मॅडम, गुरुवारी मी विचारलं होतं."

"हो."

"म्हणजे गुरुवारी तुम्ही खोटं बोललात, की आज एका कर्मचाऱ्याचा विश्वास मोडताय?"

"दोन्ही."

"प्रामाणिक आहात." त्याला खरंच बरं वाटल्यासारखं दिसलं. "आता हे नैतिकता समितीकडे जाईल. तुमच्याच दोन विधानांत विरोध आहे, तेव्हा चौकशी तर व्हायला हवी."

"समिती कधी बसेल?"

"एक सदस्य नव्याने नेमावा लागेल. आधीचे सदस्य तुम्हीच होतात."

"तोपर्यंत त्याला डेस्कवरून हलवा. आजच. रजेवर पाठवा, पगारी. शिक्षा म्हणून नको."

"चौकशीआधी हलवायचं?" देवव्रतच्या कपाळाला हलकीशी आठी पडली. "ते अन्यायाचं होईल. आरोप सिद्ध होईपर्यंत कुणाचंही काम बदलायचं नाही, हे कलम धोरणात कुणी घातलं?"

कलम तिनेच घातलं होतं. त्यासाठी ती तेव्हा देवव्रतशी भांडली होती, आणि जिंकली होती.

"मग दुसरा माणूस शेजारी बसवा."

"तिघांना निरोप दिला ना. पण काळजी करू नका, पारदर्शकता म्हणून शुभंकरला सगळं कळवलंय आम्ही. त्याच्या डेस्कवर एक कॅमेरा लावतोय. प्रत्येक लाल पट्टीला त्याचा हात कसा चालतो ते शेषगिरी दिवसाअखेर बघतील. निष्पक्ष पुरावा मिळेल."

"देवव्रत, तो घाबरला की हात थांबतो. तुम्ही त्याला आणखी घाबरवताय."

"हे तुम्ही लेखी द्याल?"

तिने लेखी दिलं. त्याची पोच आली. पुढच्या आठवड्यात ती शेषगिरीकडे गेली, तर तो म्हणाला, आकडे तर चांगलेच येतायत, अक्का. या आठवड्यात एकही वायफळ थांबा नाही. एकही थांबा नाही का, तिने विचारलं. शेषगिरीने लॅपटॉपमध्ये पाहिलं आणि म्हणाला, तेच ते.

तिच्या खोलीत आता कुणी येत नव्हतं. काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं, पण कंपनीत अशा गोष्टी वाऱ्याने कळतात. अलार्म डेस्कच्या काचेमागे शुभंकरची पाठ दिसे, पूर्वीपेक्षा जास्त वाकलेली. त्याच्या डोक्यावर नवा कॅमेरा होता. काचेपाशी ती एक-दोनदा थांबली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याचा उजवा हात माऊसवर होता आणि डाव्या हाताने त्याने उजव्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

*

शनिवारी सकाळी हंबीरराव कापडी पिशवी घेऊन निघाले. मल्लेश्वरमच्या बाजारातून मोगरा आणायचा आणि ताजी दळलेली कॉफी, हा त्यांचा शनिवार. सोपानिकाचा डेस्क शनिवारीही चालू असे, आणि दिवसपाळी शुभंकरचीच.

"अण्णा, जिन्याने जाऊया. मी हात धरते."

"गुडघे कुठून आणू? बाजारात मिळतात म्हणून कुणी सांगितलं?"

लिफ्ट आली. ते आत गेले. ती बाहेर उभी राहिली, आणि दार मिटता मिटता त्यांच्याबरोबर आत शिरली.

"तूही येतेस?"

"येते."

हंबीररावांनी सवयीप्रमाणे स्टिकर वाचला. "आम्ही बघत आहोत. कोण बघतंय, पुट्टी?"

तिने वर पाहिलं. कोपऱ्यात काळी काच, सुपारीएवढी. काचेपलीकडे एचएसआर लेआउट, तिथे एक स्क्रीन, आणि स्क्रीनवर या घडीला ती आणि तिचा म्हातारा बाप, कापडी पिशवीसकट. तो आपल्याला ओळखेल, तिला वाटलं. आणि मग वाटलं, ओळखू नये.

दुसरा मजला गेला. त्यानंतर लिफ्ट हलकीच थरथरली, चालता चालता माणसाचा पाय मुरगळावा तशी. वरून कुठूनतरी तार घासल्यासारखा आवाज आला. कॅमेऱ्यावर लाल ठिपका लागला.

आता थांबायला हवी होती. जवळच्या मजल्यावर, हळू, दार उघडून. तेवढ्याचसाठी तो डेस्क होता.

लिफ्ट थांबली नाही. थरथरत खाली जात राहिली.

"काय झालं?" हंबीररावांनी तिचं मनगट पकडलं.

"काही नाही," ती म्हणाली. आवाज अगदी त्या गुरुवारसारखाच निघाला. आणि ती लाल ठिपक्याकडे बघत, एचएसआर लेआउटमधला एक हात हलण्याची वाट पाहत राहिली.